फ्रेमबाहेरची माणसं

वार्षिक सभा जवळ आल्या की माझ्या टपालाचा सूर बदलतो. एरवी कोणती लेन्स घ्यावी, भिगवणला कधी जावं, स्पर्धेत क्रॉप किती चालतो असं विचारणारी मंडळी एकदम माणसांविषयी विचारू लागतात. या खेपेला निसर्ग छायाचित्रण क्लबांमध्ये बिनपगारी राबणाऱ्यांविषयीची पत्रं इतकी आली, की कॅमेऱ्याचे प्रश्न सरसकट पुढच्या अंकावर ढकलले आहेत. एका क्लबाचं सचिवपद मी स्लाइडच्या जमान्यापासून मेमरी कार्डापर्यंत सांभाळलं आहे. त्यामुळे या बाबतीत मला मतं आहेत, आणि ती मवाळ नाहीत.

प्रश्न : आमच्या क्लबात साठेक सदस्य आहेत, पण काम करणारे तेच पाच-सहा. दर वर्षी वार्षिक सभेत त्यांचा शाल, श्रीफळ आणि गुलाबपुष्प देऊन सत्कार करतो. गेल्या वर्षी त्यांतल्या एकाने 'या वेळी माझं नाव वगळा' असं सांगितलं. रागावून नव्हे, हसत. मला मात्र ते लागलं. या वर्षी हाताशी फार तर पाच हजार रुपये आहेत. काय करावं?
(सचिव, सातारा)

उत्तर : त्यांनी सांगितलं हे बरं झालं, नाहीतर तुम्हाला कळलंच नसतं. शाल-श्रीफळाशी माझं वैर नाही. पण जी वस्तू उद्घाटक, परीक्षक, हॉलचे मालक आणि प्रायोजक दुकानदार या सगळ्यांना त्याच दिवशी त्याच टेबलावरून दिली जाते, ती सहाव्या माणसाच्या खांद्यावर पडेपर्यंत तिच्यात खास त्याच्यासाठी असं काही उरत नाही. पाच हजारांचं नंतर पाहू. आधी एक बिनखर्चाचं काम करा.

एक संध्याकाळ काढून वर्षभरात क्लबात झालेली कामं कागदावर उतरवा. माणसं नकोत, कामं. आणि 'स्पर्धा' असं मोघम लिहू नका. मासिक स्पर्धा म्हणजे सदस्यांना पुन्हा पुन्हा आठवण करणं, मुदत उलटल्यावर 'माझं एवढं एकच घ्या ना' म्हणणाऱ्याला न दुखावता नाही म्हणणं, फाइलींची साइज तपासणं, नावं काढून त्या जागी क्रमांक घालणं, परीक्षकाला लिंक धाडणं, परीक्षक विसरला की फोन करणं, निकाल लावणं आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेणं. आउटिंग म्हणजे कासचं ऑनलाइन बुकिंग, कोण कुणाच्या गाडीत, नाश्ता कुठे, आणि परतताना कुणाचा तरी ट्रायपॉड मागे राहिला म्हणून अर्ध्या वाटेतून फिरणं. तुमची संस्था नोंदणीकृत असेल तर खजिनदाराच्या गळ्यात ऑडिट असतं, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट. त्या कार्यालयाच्या जिन्यात कुणी चांगला फोटो काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता प्रत्येक कामापुढे नाव लिहा. तुमचा 'पाच-सहा जणां'चा हिशेब बहुधा चुकेल. हॉलची किल्ली आणणारा, चहाचं थर्मास धुऊन परत नेणारी, नवीन सदस्याला पहिल्या आउटिंगला आपल्या गाडीत घेणारा, असे आजवर कुठल्याच सत्कारात न आलेले तीन-चार जण वर येतील. आणि एक नाव जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे दिसेल. त्या नावाभोवती गोल करा. ते नाव तुमचं स्वतःचं असलं तरी करा.

सभेच्या दिवशी या कागदावरून बोलायचं. 'अमुक यांचं मोलाचं सहकार्य लाभलं' हे वाक्य आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून श्रद्धांजलीपर्यंत कुठेही बसतं, म्हणूनच ते कुणालाच लागत नाही. त्याऐवजी असं म्हणा : 'स्पर्धेची प्रत्येक एंट्री निनावी होऊन परीक्षकाकडे जाईल हे यांनी वर्षभर पाहिलं. आपल्याकडे निकालावरून भांडण झालं नाही ते त्यामुळे.' एका माणसाला दोन वाक्यं पुरेत. काय केलं ते एक, त्याने क्लबाचं काय झालं ते दुसरं. विशेषण एकही नको.

आता पैशाचं. हे लोक तुमच्याकडे खुर्च्या लावायला आले नव्हते. ते फोटो काढायला आले होते. एखादा माणूस क्लबात येतो तेव्हा त्याच्याकडे ताजी घेतलेली टेलिफोटो लेन्स असते आणि डोक्यात नवरंग, धनेश, स्वर्गीय नर्तक असे पक्षी असतात. तो जरा नेटका आहे, फोन उचलतो, दिलेला शब्द पाळतो असं दिसलं की आपण त्याच्या हातात हजेरीची यादी देतो. वर्षभराने तो प्रत्येक आउटिंगला हजर असतो आणि त्याचा कॅमेरा बॅगेत असतो. म्हणून त्याला द्यायचंच असेल तर ती सकाळ परत द्या. वर्षातून एक आउटिंग असं ठेवा की एरवीच्या कामकऱ्यांनी फक्त यायचं. बुकिंग, गाड्या, नाश्ता, मोजदाद सगळं एरवी नुसत्या येणाऱ्यांनी करायचं. 'पुढचा स्पॉट कुठला हो?' असं कुणी त्यांना विचारलं तर त्याला चहाचा दंड ठेवा.

दुसरं, त्यांची छायाचित्रं बघा. मासिक बैठकीत अर्धा तास एका कामकऱ्याच्या चित्रांसाठी ठेवा. वीसेक निवडक चित्रं, आणि त्यांवर नीट बोलेल असा जाणता माणूस. कित्येक क्लबांत प्रोजेक्टर चालवणाऱ्याची चित्रं त्याच प्रोजेक्टरवर कुणी पाहिलेली नसतात, कारण स्वतः स्पर्धा चालवत असल्याने तो स्पर्धेत भाग घेत नाही. ते पाच हजार इथे खर्च करा. प्रत्येकाला त्याने स्वतः निवडलेल्या एका चित्राचा बारा बाय अठरा इंचांचा, चांगल्या कागदावरचा, माउंट केलेला प्रिंट द्या. शाल कपाटात जाते, प्रिंट भिंतीवर लागतो.

आणि तारखेचं सुचवते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षिसप्ताह म्हणून पाळतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर. सत्कार मार्चच्या हिशेबी सभेत कोंबण्यापेक्षा या आठवड्यात ठेवा. फक्त संध्याकाळी ठेवा. थंडीतली रविवारची सकाळ हॉलमध्ये बसवून घालवायला लावणं हा निसर्ग छायाचित्रकाचा सत्कार नव्हे, शिक्षा आहे.

तो गोल केलेला माणूस राहिला. त्याच्यासाठी प्रिंट पुरत नाही. त्याच्या कामांतली निदान दोन कामं या सभेत दुसऱ्याच्या नावावर चढवा, त्याच्या देखत, इतिवृत्तात नोंद करून. 'तुमच्याशिवाय क्लब चालणारच नाही' असं माइकवरून सांगणं त्या माणसाला कौतुक वाटतं असा आपला समज आहे. माझ्या कानाला ती जन्मठेप वाटते.

प्रश्न : मी क्लबाचा साधा सदस्य आहे, पदाधिकारी नाही. प्रोजेक्टर, लॅपटॉप, केबल माझ्या घरी असतात. नांदूर मध्यमेश्वरच्या फेरीला गाडी बहुतेक वेळा माझीच. प्रदर्शनात चित्रं टांगायला रात्री मी थांबतो. पण उद्घाटनाला नावं घेतात ती समितीची, आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार'. मला हार नको, पण मी अज्ञातही नाही. हे बोलून दाखवणं कोतेपणाचं होईल का?
(एक सदस्य, नाशिक)

उत्तर : अजिबात नाही. तुमचं पत्र वाचून मला तुमच्या क्लबातले लोक डोळ्यांसमोर आले. नांदूर मध्यमेश्वरच्या चिखलात दूरवर दोन चिमुकले पाणपक्षी दिसले, तर पायांचा रंग काळा की पिवळसर एवढ्यावरून छोटा टिलवा कुठला आणि टेमिंकचा टिलवा कुठला हे ते पैजेवर सांगतील. त्याच लोकांना प्रदर्शनातल्या चित्रांच्या तारा कोणी बांधल्या ते सांगता येणार नाही. नजर कमी नाही, ती या बाजूला वळवलेली नाही एवढंच. तेव्हा वळवा.

पण 'माझी कदर होत नाही' असं बोलू नका. त्यावर लोक हळहळतात, पुढच्या कार्यक्रमात एक जास्तीचा गुच्छ आणतात आणि विषय संपतो. एक ठरावीक गोष्ट मागा. प्रदर्शनाच्या प्रवेशद्वाराशी जो फलक असतो, ज्यावर प्रमुख पाहुणे आणि प्रायोजक छापतात, त्यावर 'चित्रमांडणी व टांगणी', 'प्रकाशयोजना', 'प्रोजेक्टर व तांत्रिक बाजू' अशा ओळी घालून पुढे नावं द्यावीत, असं अध्यक्षांना लिहून कळवा. स्वतःचंच नव्हे, त्या रात्री तुमच्याबरोबर शिडी धरणाऱ्यांचंही नाव द्या. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्याला, प्रकाशाला, रंगभूषेला नाव असतं आणि त्याला कुणी कोतेपणा म्हणत नाही.

एक मात्र स्वतःला विचारा. तुम्हाला नाव हवं आहे, की रात्री लवकर घरी जायला हवं आहे? पत्रात दोन्ही दिसतंय. दुसरं असेल तर फलकावर नाव येऊनही तुमची चिडचिड कमी होणार नाही. मग प्रोजेक्टर घरात ठेवण्याची मुदत ठरवा, तारीख कळवा आणि त्या तारखेला तो नेऊन द्या. पेट्रोलचंही स्पष्ट बोला. गाडीतल्या चौघांनी खर्च वाटून घेणं हा साधा व्यवहार आहे. तो न करता वर्षाच्या शेवटी शाल देणं मला पसंत नाही.

प्रश्न : आमच्या कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एका तटाला कामाचे गुण ठरवून (आउटिंग नेलं तर १०, हॉल लावला तर ५ असे) दर वर्षी 'उत्कृष्ट कार्यकर्ता' करंडक द्यायचा आहे. दुसरा तट म्हणतो की क्लब छायाचित्रणाचा आहे, करंडक छायाचित्रालाच हवा. तुमचं मत?
(कोल्हापूर)

उत्तर : दोन्ही तटांना नाही. पहिल्याला जरा जास्तच मोठ्याने.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीत मुलांवर एक प्रयोग झाला होता. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. स्केचपेनांनी चित्रं काढायला मनापासून आवडणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर सोनेरी ठशाचं, फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना तसंच प्रमाणपत्र न सांगता शेवटी दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. नंतर काही दिवसांनी तेच पेन वर्गात मोकळे ठेवले, तेव्हा आधी कबूल करून प्रमाणपत्र दिलेली मुलं इतरांच्या निम्म्याच्या आसपासच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना ते अचानक मिळालं त्यांची आवड मात्र होती तशीच राहिली. आपले सदस्य चार वर्षांचे नाहीत हे मला मान्य आहे, जरी मासिक स्पर्धेच्या निकालाच्या रात्री कधी कधी शंका येते. पण दराचं कोष्टक लावलं की आवडीच्या कामाचा रोजगार होतो, आणि रोजगार म्हटला की माणूस हिशेब करतो. हॉल लावायला पाचच गुण, मग आउटिंगच नेतो. थर्मास धुण्याला तर कोष्टकात ओळच नसणार.

शिवाय करंडक एकाला मिळतो. सहा जणांनी मिळून खेचलेल्या गाडीतला एक जण निवडला की पाच जणांना कळतं आपण कितवे ते. छायाचित्रांची स्पर्धा आपण रोज करतोच, निदान कामात तरी ती नको.

पण म्हणून दुसऱ्या तटाचं खरं होत नाही. छायाचित्रण संस्थांचा इतिहास त्यांच्या विरुद्ध साक्ष देतो. इंग्लंडातली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली स्थापन झाली, तिचा पहिला मानद सचिव रॉजर फेंटन. हाच तो क्रिमियन युद्धाची छायाचित्रं काढणारा. त्या संस्थेच्या कामात मोठी भर घालणाऱ्यांना आज जे पदक देतात ते फेंटनच्याच नावाचं आहे. म्हणजे सचिवाच्या नावाचं पदक, संस्थेची कामं करणाऱ्यांसाठी. (फेंटनने १८६२ साली छायाचित्रण सोडलं आणि सगळं साहित्य विकून टाकलं. त्याचा सचिवपदाशी संबंध जोडण्याचा मोह मी आवरते.) फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाचे एएफआयएपी, ईएफआयएपी हे चित्रांवर मिळणारे किताब आपल्याकडच्या सलोनवाल्यांना, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांना चित्रं पाठवणाऱ्यांना, तोंडपाठ असतात. त्याच महासंघाचा सेवेसाठीचा मानद किताबही आहे, तो मात्र फारसा कुणाला आठवत नाही.

माझा सल्ला असा, की गुण नकोत, वार्षिक सक्ती नको. मनापासून वाटेल त्या वर्षी, वाटेल तितक्या जणांना, आधी न सांगता द्या. एखाद्या वर्षी कुणालाच देऊ नका. करंडकावरचे पैसे वाचतील ते हॉलच्या पंख्याला घाला, कोल्हापुरात मे महिन्यात तुमचे सदस्य दुवा देतील.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात तिबोटी खंड्याची घरटी होतात. वर्षभर राबणाऱ्या चार जणांना बक्षीस म्हणून, इतर कुणाला न सांगता, एका घरट्यावर नेण्याचं ठरतंय. दुसरा पर्याय ताडोबाच्या सहलीत फुकट जागा देण्याचा आहे. कोणतं बरं?
(चिपळूण)

उत्तर : पहिलं साफ नको. तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. पिलं झाली की आईबाप पाली, खेकडे, कोळी घेऊन दिवसभर ये-जा करतात. चार लेन्स समोर उभ्या राहिल्या की ती ये-जा थांबते आणि पिलं उपाशी राहतात. 'आम्ही लांब बसतो' हे मी ऐकलेलं आहे. चांगला फोटो येईना की लांबचे लोक जवळ सरकतात हेही पाहिलेलं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी नि घरटी यांना उपद्रव देणंही येतं. घरट्यावरची चित्रं कित्येक स्पर्धा आता घेतही नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, क्लबाच्या मर्जीतल्यांना घरटं दाखवायचं ही रीत एकदा पडली, की पुढच्या वर्षी ते ठिकाण व्हॉट्सॲपवर जातं आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिथे गाड्या लागतात. बक्षीस तुम्ही देणार आणि ते फेडणार तो पक्षी. उलट त्या चौघांना घरट्यांपासून लोकांना लांब ठेवण्याचा अधिकार द्या. क्लबाच्या कुठल्याही चित्रातून ठिकाणाची माहिती काढून टाकायला सांगण्याचा हक्क त्यांचा. हाही मानच आहे.

ताडोबाचं चालेल, पण एका अटीवर. फुकट जागा मिळालेल्या माणसाने त्या सहलीत काहीही करायचं नाही. आपल्याकडे 'फुकट' जाणाराच सगळ्यांची ओळखपत्रं गोळा करतो, गेटवर पहाटे रांगेत उभा राहतो आणि जिप्सीत सहावा म्हणून उरलेल्या कोपऱ्यात बसतो. मग ते बक्षीस नव्हे, ती मजुरी आहे, आणि तीही कमी. त्याला पैसे भरणाऱ्या सदस्यासारखं वागवा. जागा निवडण्याचा पहिला हक्कही त्याचा.

प्रश्न : भिगवणला आम्ही वर्षानुवर्षं ज्यांच्या होडीतून जातो त्या नावाड्यांचा आणि तिथे जेवण करून घालणाऱ्या ताईंचा 'स्वयंसेवक सन्मान' करायचा आहे. कल्पना कशी वाटते?
(पुणे)

उत्तर : भावना चांगली, नाव चुकीचं. कुंभारगाव-डिकसळची ही मंडळी स्वयंसेवक नाहीत. उजनी धरणाच्या फुगवट्यावर त्यांचा तो धंदा आहे आणि त्यांना त्यातलं तुमच्याहून जास्त कळतं. रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा वाऱ्याच्या कुठल्या बाजूने गाठला तर तो उडणार नाही, चक्रवाक कुठल्या बेटावर उन्हं खात बसतात, हे ज्ञान ते तुम्हाला विकतात, म्हणून त्यांना पहिला मान पैशाचा. ठरलेला दर घासाघीस न करता द्या. आउटिंग ऐनवेळी रद्द केलं तर बुडालेल्या फेरीचे पैसे पाठवा. 'थव्याच्या आणखी जवळ घ्या' म्हणून त्यांच्यावर दबाव आणू नका, कारण थवा उडाला तर दुसऱ्या दिवशीचं त्यांचं गिऱ्हाईक जातं.

एवढं होत असेल तर मग सन्मान. तुमच्या क्लबाच्या हार्डडिस्कवर रोहितांची हजारो चित्रं असतील. त्या नावाड्याचं एक तरी आहे का, वल्हं हातात, तोंडावर सकाळचा प्रकाश असलेलं? नसेल तर पुढच्या फेरीत नीट वेळ देऊन काढा, त्याला विचारून. मोठा प्रिंट फ्रेम करून त्याच्या घरी नेऊन द्या, पुण्याच्या सभागृहात बोलावून नव्हे. सभागृहात बोलावलंत तर त्याची एक दिवसाची कमाई बुडते आणि एसटीचं भाडं वर. ताईंचाही फोटो काढा, पण त्यांच्या सोयीने, साडी बदलायला वेळ देऊन. चुलीपुढे धुरात बसलेल्या बाईचं चित्र आपल्याला कलात्मक वाटतं, त्यांना ते भिंतीवर नको असतं. आणि त्यांच्या होडीतून काढलेलं चित्र प्रदर्शनात लागलं तर खालच्या पट्टीवर तुमच्या लेन्सच्या आकड्यांशेजारी त्यांचं नाव घाला, त्यांची हरकत नसेल तर.

प्रश्न : मी छायाचित्रकार नाही, छायाचित्रकाराची बायको आहे. यजमान क्लबाचे खजिनदार. रविवार क्लबाचा, रात्रीचा फोन क्लबाचा. कपाटाचा एक कप्पा त्यांना मिळालेल्या शालींनी भरलाय. तुम्ही सत्कारांवर लिहिता म्हणून विचारते, या शालींचं काय करू?
(डोंबिवली)

उत्तर : धुऊन, घडी करून थंडीच्या आधी जवळच्या वृद्धाश्रमात द्या. यजमानांना विचारू नका, त्यांना कळणारही नाही.

क्लबाच्या अध्यक्षांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी : खजिनदाराचा वेळ एकट्या खजिनदाराचा नसतो. रात्री दहानंतर वर्गणीच्या पावतीसाठी फोन करायचा नाही, असा साधा नियम ग्रुपवर टाका. तो या बाईंना कुठल्याही पैठणीपेक्षा आवडेल असा माझा अंदाज आहे. आणि वर्षातून एकदा आउटिंगला घरच्यांना बोलवा. पहाटे साडेचारला निघणारं नको, सावकाश आठला निघणारं, जिथे बसायला सावली आणि बायकांना जायला स्वच्छतागृह आहे असं. बाई, तोवर एखाद्या रविवारी त्यांची दुर्बीण उचला आणि तुम्ही एकट्याच बाहेर पडा. खाडीवर हिवाळ्यात रोहित येतात, त्यासाठी नवरा लागत नाही.

प्रश्न : मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. क्लबाचं इन्स्टाग्राम, पोस्टर, पक्षिगणनेच्या नोंदी हे सगळं दोन वर्षं मी करतो. वन्यजीव विषयात पुढे शिकायचं आहे. क्लबाकडे प्रमाणपत्र मागितलं तर ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'आम्ही कधी प्रमाणपत्रासाठी काम केलं नाही.' मी चुकलो का?
(अमरावती)

उत्तर : नाही. ज्येष्ठांना प्रमाणपत्राची गरज नव्हती, कारण त्यांच्याकडे नोकरी होती. तुम्हाला ती मिळवायची आहे. इथे मी वर कोल्हापूरकरांना सांगितलं त्याच्या अगदी उलट सांगते आहे असं वाटेल, पण तुम्ही बक्षीस मागत नाही, झालेल्या कामाचा दाखला मागता आहात. तो देणं क्लबाचं कर्तव्य आहे.

फक्त सोनेरी किनारीचं 'उत्कृष्ट सहभागाबद्दल' असं छापील प्रमाणपत्र घेऊ नका, त्याला प्रवेश समितीत कुणी विचारत नाही. क्लबाच्या लेटरहेडवर पत्र मागा. त्यात कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत काम केलं, कोणकोणत्या पक्षिगणनांत भाग घेतला, ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी भरल्या असतील तर त्या कोणत्या ठिकाणांच्या, मेळघाटात क्लबाबरोबर गेला असाल तर तिथे नेमकं काय केलं, हे यायला हवं. मसुदा तुम्हीच तयार करून द्या. ज्येष्ठ मंडळी चांगली असतात, पण मसुदा करायला बसली की हिवाळा निघून जातो. खाली अध्यक्ष किंवा सचिवांची सही, संस्थेचा नोंदणी क्रमांक, आणि चौकशीसाठी एक चालू फोन नंबर. पोस्टरांसाठी चित्रं सदस्यांची वापरली असतील तर तुमच्या कामाच्या नमुन्यांत ती दाखवण्याआधी त्यांची परवानगी घ्या. मूळ पत्र जपून ठेवा, अर्जाला स्कॅन प्रत जोडा. आणि हे सगळं जानेवारीच्या आत उरका. फेब्रुवारीत पक्षिगणना आली की तुमच्या क्लबात सहीसाठी कुणी जागेवर सापडणार नाही.